ज्याचा फायदा, त्याने खोलीबाहेर

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी नावंही ठेवणार नाही. चर्चच्या पाद्रीबुवांनी मानली नव्हती, आणि न दिसणाऱ्या गोष्टी मानणं हा तर त्यांचा रोजचा धंदा. पोस्टमनने अर्धी मानली होती, पण तो सज्जन माणूस आणि घाईत होता. मार्गीबाई, तुम्ही मिनेसोटाहून नुकत्याच इथे राहायला आलात, उकडलेल्या शेंगांचा वाडगा मांडीवर आहे, तेव्हा खात खात ऐका. मध्ये बोललात तरी हरकत नाही. सगळेच बोलतात.

तर ही गोष्ट व्हर्ना स्टॉलकपची.

व्हर्ना फ्लोरिडात आली ती घरासाठी नाही, झाडासाठी. ओहायोत तिने उभी हयात शाळेची बस चालवली. तिकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट शेतं, हिवाळ्यात सगळं पांढरं, आणि समोर आभाळ, दुसरं काही नाही. नवरा गेला, बसच्या किल्ल्या परत केल्या आणि ती घर बघायला आपल्या या कॅप्टन्स ओक वसाहतीत आली. घरं विकणारी ग्लोरिया तिच्या शेजारच्या सीटवर बसून स्वयंपाकघरातल्या कपाटांचं कौतुक सांगत होती. व्हर्नाने गाडी वळणावरच्या ओकखाली थांबवली, मान वर केली, आणि इंजिन बंद करायचं तिला सुचलंच नाही. पेट्रोल संपून गाडी आपणहून गप्प झाली तेव्हा ती म्हणाली, "घेते."

"अहो, घर अजून पाहिलं कुठे तुम्ही?" ग्लोरिया म्हणाली.

"घराला छप्पर आहे ना? मग झालं."

त्या झाडाबद्दल काय सांगावं. फांद्या वर वाढता वाढता दमल्या, खाली येऊन जमिनीवर कोपरं टेकून बसल्या, आणि दम खाऊन पुन्हा वर निघाल्या. अंगावर करड्या दाढ्यांसारखं शेवाळ लोंबतंय. पाऊस आला तर पहिला थेंब शेंड्यापासून पानापानांवर थांबत खाली पोचेपर्यंत आभाळ मोकळं झालेलं असायचं. लोक छत्र्या मिटून बाहेर पडायचे आणि तेव्हा कुठे झाडाखाली सर सुरू व्हायची. पूर्वेच्या टोकाला जन्मलेली खार पश्चिमेच्या टोकाला पोचेस्तोवर आजी व्हायची, आणि तिकडच्या खारी काय बोलतात ते तिला कळायचं नाही. वसाहत बांधणाऱ्याने बाकी सगळं रान सपाट केलं, पण या झाडापाशी आल्यावर बुलडोझरवाला खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला, आणि मशीन तिथेच सोडून अलाबामाला आपल्या आईकडे निघून गेला म्हणतात.

व्हर्नाचं घर या झाडाच्या पंखाखाली. भांडी घासताना खिडकीतून तिला एक फांदी दिसायची, तिच्या जुन्या बसएवढी जाड. रोज सकाळी ती कॉफीचा मग घेऊन मागच्या दारात उभी राहायची आणि वर बघायची. बस. एवढंच तिचं देवाधर्माचं. रविवारी चर्चला जायची, पण तिथे ती घड्याळ बघायची.

आता आपल्याकडे घर तुमचं असलं तरी भिंतीचा रंग सोसायटीचा, गवताची उंची सोसायटीची, आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर किती वेळ दिसावा तेही सोसायटीच ठरवते. सोसायटी म्हणजे पाच जणांची कमिटी. कमिटी म्हणजे अध्यक्ष ड्वेन प्रुइट. ड्वेन उंच, गोरापान, छातीवर हात ठेवून बोलणारा, आणि त्याचं गोतावळ्यावर फार प्रेम. पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती निघाली की ती त्याच्या भाच्याला मिळायची. सगळ्यांच्या दारातल्या टपालपेट्या एकसारख्या काळ्या करायचं ठरलं, तेव्हा त्या पेट्या ड्वेनच्या चुलतभावाच्या दुकानात आधीच येऊन पडलेल्या होत्या.

त्या टपालपेट्यांवरून व्हर्ना पेटली. तिच्या पेटीवर तिच्या नवऱ्याने रंगवलेला मासा होता. ती निवडणुकीला उभी राहिली, कमिटीवर आली, आणि आल्याआल्या तिने सर्वसाधारण सभेत नियम मांडला: एखाद्या कामात ज्या कुणाचा फायदा-तोटा असेल, त्याने त्या कामावर मत घेताना खोलीबाहेर जायचं, आत जे उरतील त्यांनी ठरवायचं.

इथे एक चूक झाली. तिने म्हणायला हवं होतं, कमिटीतल्या ज्या सभासदाचा. ती म्हणाली, ज्या कुणाचा. कारभार बघायला नेमलेला मॅनेजर ब्रेंट फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने ऐकलं तसं टाइप केलं. आणि सगळ्या सभागृहाने हात वर केले, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड होतं. ड्वेननेही केला. त्याच्या डोळ्यांसमोर ग्लोरिया होती, कारण तीही कमिटीवर होती.

"म्हणजे नियम एकमताने पास झाला?"

एकमताने, मार्गीबाई. आणि नंतर तो कपाटात पडून राहिला. कारण आपला फायदा आहे असं कबूल करणारा माणूस फ्लोरिडात अजून जन्मायचाय.

मग आला तो फेब्रुवारी. ब्रेंटने कमिटीपुढे ओकचे फोटो ठेवले. फांद्यांवर जे नेचे वाढतात ना, ते सुकून तपकिरी झाले होते, जळक्या कागदासारखे आक्रसून फांदीला चिकटले होते. ब्रेंट म्हणाला, झाड वरून मरत येतंय. वादळात फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण? झाड काढून तिथे पिकलबॉलचं, म्हणजे त्या छोट्या टेनिससारख्या खेळाचं, मैदान करू. झाड काढायचं काम अर्थातच ड्वेनचा जावई कोडी करणार. मत घ्यायला सभा ठरली. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून पक्ष्यांच्या विणीचा हंगाम धरला जायचा, तेव्हा झाड तोडायची परवानगी सभेच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंतचीच होती. म्हणून कोडीने दुपारीच क्रेन आणून क्लबहाऊसमागे उभी केली. मान मुडपून बसलेल्या बगळ्यासारखी ती तिथे बसून होती, आणि करवती ट्रकमध्ये ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

व्हर्नाने हिशेब केला. पाचांत ड्वेन एक, ग्लोरिया दोन. तिसरा लेलंड, पिकलबॉलची शिकवणी घेणारा, बॅट घेऊनच झोपत असावा असा माणूस. चौथा ऑर्विल, कमिटीतला सगळ्यात म्हातारा. ऑर्विल सभा सुरू झाली की डुलकी लावायचा, आणि शेजारच्याने कोपराने ढोसलं की डोळे न उघडता "हो" म्हणायचा. त्याच्या तोंडून दुसरा शब्द कमिटीने कधी ऐकला नव्हता. शेजारी बसायचा ड्वेन. म्हणजे चार तिकडे, आणि एकटी व्हर्ना इकडे. सूर्य मावळायच्या आत झाड आडवं होणार. तिने सकाळचा कॉफीचा मग तसाच सिंकमध्ये ओतला.

पण तिच्याकडे तिचा नियम होता.

सभेला सगळी वसाहत लोटली होती. बर्फ घातलेल्या गोड चहाचे जग, लिंबाची पाय, घडीच्या खुर्च्या. झेंड्यापुढे उभं राहून, छातीवर हात ठेवून देशाची शपथ म्हणून झाली. ड्वेनने लाकडी हातोडा टेबलावर आपटला.

"मुद्दा साधा आहे," तो म्हणाला. "झाड म्हातारं झालंय."

"इथे कोण नाही झालं, ड्वेन?" मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हालापण क्रेन लावणार का?"

लोक हसले. ड्वेनही हसला, त्याला परवडत होतं. व्हर्ना उठली.

"अध्यक्षसाहेब, हा कोडी तुमचा कोण?"

"कोडी उत्तम काम करतो. त्याच्याकडे नवी क्रेन आहे."

"क्रेन मला खिडकीतून दिसतेय. तो तुमचा कोण लागतो?"

"माझ्या मुलीने त्याच्याशी लग्न केलंय."

"म्हणजे जावई."

"तुम्ही तसं म्हणू शकता."

"मी नाही म्हणत, तुमची मुलगी म्हणते. नियम आहे ना आपला? चला, बाहेर."

ड्वेनने ब्रेंटकडे पाहिलं. ब्रेंटने फोनमध्ये पाहिलं, आणि नियम खरंच होता. ड्वेन सावकाश उठला, कोटाची बटणं लावली, टोपी डोक्यावर ठेवली, आणि राजासारखा दारापर्यंत गेला. दारात वळला.

"मिस व्हर्ना," तो म्हणाला, अगदी गोड आवाजात, "झाडाची सावली कुणाच्या घरावर पडते हो?"

"माझ्या. सगळ्यांना माहीत आहे."

"मग ऐन उन्हाळ्यात तुम्हाला एसी लावावा लागतो?"

व्हर्ना उत्तर द्यायला गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एसी तिने कधी लावलाच नव्हता. खोका अजून गॅरेजमध्ये होता.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे फायदा," ड्वेन म्हणाला, आणि दार उघडून धरलं. "आधी तुम्ही."

बसच्या दारात पाय अडकावा तसं तिला झालं. एवढ्या मेहनतीने विणलेलं जाळं, आणि पहिल्या झटक्यात आपणच आत. झाडाच्या बाजूचं एकमेव मत तिचं, आणि ते आता दाराबाहेर चाललं होतं.

"नियम तुमचाच आहे, हनी," ग्लोरिया म्हणाली.

"आहे," व्हर्ना म्हणाली. "आणि ग्लोरिया, झाड गेलं की ओळीतल्या सगळ्या घरांतून तळं दिसणार. तळं दिसणारी घरं कोण विकणार? उचल पर्स."

ग्लोरियाने पर्स उचलली. लेलंडला कुणी काही म्हणायच्या आधीच तो बॅट काखेत मारून उठला. निदान त्याला लाज होती. ब्रेंट मात्र खुर्चीतच होता.

"मी मत देत नाही," तो म्हणाला. "मी फक्त पगारी माणूस."

"मत देणाराच असं नियमात कुठे लिहिलंय?" व्हर्ना म्हणाली. "तूच टाइप केलंस, ज्या कुणाचा. बुंधा उकरून काढायचं काम कुणाच्या कंपनीला मिळालंय, ब्रेंट?"

"ते वेगळं आहे."

"कुणाच्या?"

"बायकोच्या," ब्रेंट म्हणाला, आणि त्याच्या शर्टाची कॉलर घामाने ओली झालेली सगळ्यांनी पाहिली.

एकदा हे चाक फिरायला लागलं की थांबवणार कोण? मागच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, शेजाऱ्याची गाडी या झाडाखाली फुकटात थंड राहते. शेजारी म्हणाला, तुझ्या गाडीवर ओकची फळं पडून टवके गेलेत, तुझा तोटा. दोघंही बाहेर. एका बाईने फांदीला वाऱ्याच्या घंटा टांगल्या होत्या. तिच्या वहिनीला त्या घंटांनी झोप लागत नव्हती. दोघीही बाहेर, एकमेकींकडे न बघता. कुणाला परागांनी शिंका येतात, कुणाचं मांजर वर चढतं, कुणाचा मुलगा लाकडाचा व्यापारी, कुणाची सावलीत बसायची जागा पक्की. माणसं एकमेकांकडे बोट दाखवत उठत होती, आणि उठलेला माणूस जाता जाता आणखी एकाला घेऊन जात होता. व्हर्नाला पहिल्यांदाच कळलं की या वसाहतीत असा एकही माणूस नव्हता ज्याच्या आयुष्याला त्या झाडाची एखादी फांदी लागलेली नव्हती. इतकी वर्षं आपण एकटीच वर बघतो असं तिला वाटत आलं होतं.

खोली रिकामी झाली. उरला फक्त ऑर्विल, हनुवटी छातीवर टेकून, घोरत.

ड्वेनचा चेहरा उजळला. त्याने दारातून मान आत घातली.

"ऑर्विल. आम्ही सगळे बाहेर आहोत. झाड काढायचंय. काय म्हणायचं ते तुला माहीतच आहे. म्हण, आणि हाक मार."

"हं," ऑर्विल झोपेतच म्हणाला. ड्वेनने दार ओढून घेतलं.

सगळे ओकखाली उभे राहिले, कारण क्लबहाऊसच्या बाहेर उभं राहायचं म्हणजे ओकखालीच. दुसरी जागाच त्याने ठेवली नव्हती. सूर्य पश्चिमेला झाडामागे उतरत होता. कोडी क्रेनच्या पायरीवर बसून सँडविच खात होता, इंजिन तापत ठेवलं होतं. व्हर्नाने बुंध्यावर तळहात ठेवला. आत जाऊन त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं असं तिला वाटत होतं, आणि जाता येत नव्हतं. नियम तिचा होता.

"एका म्हाताऱ्याचा 'हो' ऐकायला एवढा वेळ?" ड्वेन घड्याळाकडे बघत म्हणाला.

"तो आधी जागा व्हायला हवा," लेलंड म्हणाला.

"जागा झाला तर 'हो' कसं म्हणेल?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आणि उन्हातच एक सर आली. ढग कुठे दिसत नव्हता. सर कशी, चाळणीतून पीठ चाळावं तशी बारीक, सोन्यासारखी. ती झाडावर पडली, पण त्या दिवशी झाडाने ती खाली सोडली नाही. एकही थेंब कुणाच्या अंगावर आला नाही. सगळं पाणी वर फांद्यांवरच कुठेतरी जिरत होतं, आणि जिरण्याचा आवाज येत होता, जत्रेतली गर्दी लांबून ऐकू यावी तसा.

मग घंटा टांगणारी बाई म्हणाली, "ते बघा."

फांद्यांवरचे मेलेले तपकिरी नेचे हलायला लागले होते. आक्रसलेली एकेक मूठ सावकाश उघडत होती. बोट सुटं झालं, मग दुसरं, आणि प्रत्येक बोटाच्या टोकातून हिरवा रंग आत शिरत होता, दिव्याची वात वर करावी तसा. एका फांदीवर, मग तिच्या वरच्या, मग बाजूच्या. हिरवं धावत होतं. बुंध्याजवळून निघालं आणि टोकाला जाऊन परत वळलं. बघता बघता सगळं झाड आतून पेटल्यासारखं हिरवं झालं. लोकांच्या चेहऱ्यांवर, शर्टांवर, ग्लोरियाच्या पांढऱ्या पर्सवर तो हिरवा उजेड पडला होता. तोटा सांगत बाहेर पडलेले आणि फायदा सांगत बाहेर पडलेले, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या.

"ब्रेंट," ड्वेन हळूच म्हणाला, "तू म्हणालास ते वाळलंय."

"फोटोत वाळलेलंच होतं, सर."

तेवढ्यात पश्चिमेचं आभाळ हललं. आधी वाटलं ढग आहे. पण ढग पांढरा होता आणि त्याला आवाज होता. बगळे आले, वाकड्या चोचीचे शराटी आले, चमच्यासारख्या चोचीचे ते गुलाबी पक्षी आले, रांगांमागून रांगा, सूर्य झाकून टाकत. रोज संध्याकाळी ते यायचेच, पण रोज त्या वेळी लोक जेवायला बसलेले असतात, दारं लावून, टीव्ही लावून. ते उतरू लागले आणि फांद्या खाली वाकू लागल्या. पक्षी मावत नव्हते, तर झाड रुंद झालं. खरंच झालं. कोपर टेकून बसलेल्या फांद्यांनी जमिनीवरून कोपरं उचलली आणि आणखी लांब पसरल्या, तळ्यावर, रस्त्यावर, घरांच्या छपरांवर. शेवटचा गुलाबी पक्षी शेंड्यावर बसला तेव्हा सगळ्या झाडाने एक श्वास घेतला. खाली उभ्या असलेल्यांचे केस त्या श्वासाने उडाले.

कोडीने सँडविच खाली ठेवलं, हात पुसले आणि क्रेनचं इंजिन बंद केलं. सासऱ्याला विचारलंसुद्धा नाही. त्या शांततेत व्हर्नाला शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

शेजारी ऑर्विल उभा होता. डोळे सताड उघडे. वर बघत होता.

"तुम्ही इथे काय करताय?" व्हर्ना म्हणाली.

"जाग आली," ऑर्विल म्हणाला. त्याचा आवाज कुणी नीट ऐकलेलाच नव्हता. खोल होता, आणि छान होता. "खोलीत कुणी नाही. म्हटलं, मला का ठेवलंय? मग नियम आठवला. रोज दुपारी मी कुठे झोपतो, पोरी? या झाडाच्या त्या बाजूच्या फांदीवर पाठ टेकून. या वसाहतीत सगळ्यात मोठा फायदा माझाच. मी कसा मत देणार?"

"मग आत कोण आहे?"

"कुणी नाही."

हे ड्वेनने ऐकलं. त्याने दाराकडे पाहिलं. दार चार पावलांवर होतं. सूर्याची वरची कड अजून शिल्लक होती. आत जाऊन हातोडा आपटला असता आणि "पास" म्हणाला असता तर कोण अडवणार होतं? व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं आणि बुंध्यावरचा तळहात आणखी घट्ट दाबला. ड्वेनने एक पाऊल टाकलं. मग त्याने पुन्हा वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या कोटाच्या खांद्यावर एका बगळ्याने आपली सही केली तरी त्याने खाली पाहिलं नाही.

"मला आत जाता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "माझा जावई आहे ना."

आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

सूर्य गेला. परवानगी सूर्याबरोबर गेली. कोडी क्रेन घेऊन निघाला तो दिवे लावून, अगदी हळू, चर्चमधून बाहेर पडताना माणसं चालतात तसा. व्हर्नाने तळहात काढला तेव्हा त्यावर सालीची नक्षी उमटली होती. ग्लोरिया तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कपाटंसुद्धा चांगली आहेत हं तुमच्या घरात." त्यावर व्हर्ना पहिल्यांदा हसली.

पण खरी गोष्ट याच्या आधीच घडली होती, आणि ती बाहेर नाही, आत घडली. सूर्याची कड शिल्लक होती ना, ड्वेन वर बघत उभा होता ना, तेव्हा झाडाची सावली क्लबहाऊसच्या खिडकीतून आत शिरली. फरशीवरून सरपटत आली, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत, कुणाच्याही पायावर पाय न देता. कमिटीच्या टेबलापाशी आली. पाच फांद्यांच्या पाच सावल्या होत्या, त्या पाच खुर्च्यांवर बसल्या, अंग सावरून, जशी मोठ्या घरातली माणसं बसतात. अध्यक्षाच्या खुर्चीवर सगळ्यात जाड फांदी बसली, व्हर्नाच्या खिडकीतली. खोलीत ओल्या सालीचा वास भरला. झेंड्याचं कापड वारा नसताना हललं. झाड काढावं की राहू द्यावं, असा ठराव पुढे आला. मधल्या सावलीने इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांना बोलायला पुरेसा वेळ दिला. झाडांच्या हिशेबाने पुरेसा म्हणजे किती, ते तुम्हीच समजा, पण सूर्य तेवढा वेळ थांबून राहिला. मग काढण्याच्या बाजूने कोण, असं विचारलं. पान हललं नाही. राहू देण्याच्या बाजूने कोण? पाचही सावल्यांनी आपापला हात भिंतीवर सावकाश वर नेला, पाचही बोटं पसरून, पार छतापर्यंत. मोजले. पाच. विरोधी कुणी नाही. आणि मग मधल्या सावलीने लाकडी हातोडा उचलला, आणि आपल्याच जातीच्या लाकडावर तो हलकेच टेकवला—

"थांबा, थांबा," मार्गीबाई म्हणाल्या. शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती. "ब्रेंट बाहेर. ऑर्विल बाहेर. व्हर्ना, ड्वेन, सगळी वसाहत बाहेर, दार बंद. मग आत हात मोजले कुणी, ते सांगा आधी."